कोरड्या दिवसाचे ओले रेनकोट

"खारट आहे," पिल्लू म्हणाला आणि त्याने जीभ शर्टाच्या बाहीला पुसली.

"अरे घाणेरड्या, चाटलास कशाला?" भिंगरीने त्याच्या हातातून रेनकोट हिसकावून घेतला.

"शंकाच म्हणाला, पुरावा नीट तपासायचा."

"नाकाने तपास म्हटलं होतं मी. जीभ तुझी तूच घातलीस," शंकासुर म्हणाला. दूध पांढरं असतं यालाही पुरावा मागणाऱ्या मुलाला घरच्यांनी दुसरं काय नाव ठेवायचं? पिल्लू त्याचा धाकटा भाऊ, आणि भिंगरी या दोघांची मावसबहीण. एका जागी पाच मिनिटं बसली तर ताप आलाय का म्हणून आई कपाळाला हात लावून बघायची, म्हणून ती भिंगरी.

कॉलेजला सुट्टी लागली होती. वसतिगृहाची लाँड्री शंकासुराच्या आईच्या, म्हणजे भिंगरीच्या मावशीच्या ताब्यात असायची, त्यामुळे सुट्टीत सगळं आवार या तिघांना आंदण मिळाल्यासारखं होतं. आज लपाछपी खेळताना ते लाँड्रीच्या मागे आले, तर दोरीवर रेनकोट वाळत घातलेले. आकाशात ढगाचा ठिपका नाही, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि रेनकोट ओले.

"त्यातही गंमत बघ," शंकासुराने एक रेनकोट उलटा करून दाखवला. "बाहेरून ठणठणीत कोरडे, आतून चिंब. पाऊस काय आतून पडतो? आणि हे पाणी खारट. म्हणजे घाम. या उन्हात रेनकोट घालून घाम गाळणारा शहाणा कोण?"

"आणि कपडे वाळवायची खोली चालू आहे," पिल्लू म्हणाला. "भिंत गरम लागतेय. वसतिगृहात तर कपडेच नाहीत कुणाचे."

शंकासुराने भावाच्या पाठीत कौतुकाचा धपाटा घातला. भिंगरी मात्र हातातला रेनकोट उलटसुलट करून बघत होती. त्या निळ्या रेनकोटाच्या बाहीला ठिगळ होतं आणि ते ठिगळ आईने लावलेलं होतं. हा दादाचा रेनकोट होता. तिचा दादा, कॉलेजच्या बॉक्सिंग संघाचा कप्तान, ज्याच्या नावावर तिने शाळेत वर्षभर भाव खाल्ला होता.

"सायकली धुतल्या असतील पोरांनी," ती म्हणाली.

"सायकलीचं पाणी खारट?"

"साबण असतो खारट. चल ना, उगाच काय प्रत्येक गोष्टीत शंका."

शंकासुराने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याने खांदे उडवले. भिंगरी आपल्याशी खोटं बोलेल अशी एवढी एकच शंका त्याला कधी आली नव्हती. त्याचा तो विश्वास बघून तिलाच कानकोंडं झालं.

दादा व्यायामशाळेत हाताला पट्ट्या गुंडाळत होता. तिने रेनकोटाचं विचारलं तसा त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"हे बघ, आपल्या काडीला उद्या खालच्या वजनी गटात उतरायचंय. दुपारी वजन घेतील. त्याचं वजन थोडं जास्त भरतंय. गरम खोलीत रेनकोट घालून बसला की घामाने उतरतं. कोचसरांची पद्धत आहे ती. सगळीच कॉलेजं करतात."

काडी म्हणजे संघातला सगळ्यात सडपातळ मुलगा. त्याच्या अंगावर उतरवायला काही शिल्लक असेल असं भिंगरीला वाटत नव्हतं.

"मागे एकाला चक्कर आली होती ना? सगळे म्हणाले ऊन लागलं. ते हेच का?"

दादाने पट्टी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "त्यावरूनच कुणीतरी तक्रार केलीय. उद्या क्रीडानीती मंडळाची माणसं बघायला येणार आहेत. भिंगरे, संघातली गोष्ट संघाबाहेर जात नाही. तू माझी बहीण आहेस ना?"

तिने मान हलवली. लहानपणापासून दादाने काही मागितलं आणि तिने दिलं नाही असं झालं नव्हतं. पण तिथून निघताना तिला पहिल्यांदाच त्याची लाज वाटली, आणि त्याची लाज वाटली म्हणून स्वतःचीही वाटली. रात्री जेवण जाईना तेव्हा मावशी म्हणाली, ऊन लागलं असेल. तेही तिने मान हलवून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभागृह नुसतं चकाचक झालं होतं. भिंतीवर फलक लागले होते, "आधी माणूस, मग खेळाडू." रंग अजून ओला होता. नीती मंडळाच्या अध्यक्षबाई उंच, पिकल्या केसांच्या, कधीकाळी पळण्याच्या शर्यती गाजवलेल्या. सोबत मंडळाचे दोन सभासद. त्यांना आधी चषकांचं कपाट दाखवलं, मग सरबत दिलं, मग पुन्हा चषकांचं कपाट दाखवलं.

"ही चौकशी आहे की पाहुणचार?" मागच्या बाकावरून शंकासुर पुटपुटला.

"मला पण सरबत पाहिजे," पिल्लू म्हणाला.

मंचावर संघ रांगेत उभा राहिला. दादा पुढे आला आणि त्याने माइकवर शपथ वाचली. मी खेळ प्रामाणिकपणे खेळेन. माझ्या सहकाऱ्याच्या जिवाची काळजी घेईन. एरवी दादाचा आवाज ऐकून भिंगरीची छाती फुगायची. आज तिला वाटत होतं, बाकाखाली जाऊन बसावं.

शपथ संपली आणि प्राचार्य बोलायला उठले. प्राचार्यांचं भाषण म्हणजे सुरुवात कळायची, शेवट देवालाही ठाऊक नसायचा. खेळाडू वृत्ती झाली, चारित्र्य झालं, मग ते स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांत शिरले. दादा सारखा बाजूच्या दाराकडे बघत होता. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. पंखा तर त्याच्या डोक्यावरच फिरत होता.

भिंगरीने रांगेवरून नजर फिरवली. काडी नव्हता.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी हळूच कोचसरांना विचारलं, "सगळे खेळाडू हजर आहेत?"

"एकच मुलगा गावाला गेलाय मॅडम," कोचसर हसून म्हणाले. "आजी आजारी आहे त्याची."

दादा शेजारीच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि बुटांकडे पाहिलं. गावाला गेलेला मुलगा दुपारी वजन द्यायला कसा येणार होता?

ती उठली आणि तिने बाहेर धूम ठोकली. मागून दोघं भाऊ.

"मी खोटं बोलले काल," पळता पळता ती म्हणाली. "रेनकोट दादाचे आहेत. म्हणजे संघाचे. ते वजन उतरवायला त्या खोलीत बसवतात. काडी आत आहे, शंका. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

शंकासुराने काही विचारलं नाही. तिला वाटलं होतं तो निदान चिडेल तरी.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला कुलूप. आत गरम हवेचा पंखा घरघरत होता. भिंगरीने दार बडवलं. बराच वेळ काही नाही. मग आतून खालच्या बाजूला कुणीतरी एकदा दार खरवडलं. तेवढंच.

"मावशीकडे चावी असेल," ती म्हणाली.

"हे कुलूप आईचं नाहीच, नवं आहे," शंकासुर म्हणाला. "ज्याने लावलं त्याच्याकडेच चावी. तू दादाकडे जा. मी आधी ही भट्टी बंद करतो. पिल्लू, तू फाटकासमोरच्या डॉक्टरांना घेऊन ये. त्यांनी शंका काढली तर सरळ भोकाड पसर."

भिंगरी सभागृहात परतली तेव्हा प्राचार्य तारुण्यातच होते. ती मधल्या वाटेने थेट मंचाकडे गेली.

"दादा, चावी दे."

माइकवरच्या आवाजात तिचा आवाज विरला. दोन-चार जण हसले. कोचसर झटकन पुढे झाले आणि त्यांनी तिच्या दंडाला धरलं. "कार्यक्रम चाललाय बाळ. खेळायचं ते बाहेर." मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून खालच्या आवाजात, "पाहुणे जाऊ देत. दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

दादाचा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. भिंगरीने ते पाहिलं. ज्या दादासाठी ती शाळेत भांडली होती तो कोचसरांच्या तोंडाकडे बघत उभा होता.

आणि खट्टकन सगळं बंद पडलं. पंखे थांबले, दिवे गेले, प्राचार्यांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. लाँड्री आणि सभागृह एकाच इमारतीत, एकाच वीजजोडणीवर होती. शंकासुराने बाहेरचा मेन स्विच खाली ओढला होता. सभागृहात एवढी शांतता झाली की भिंगरीचा श्वास शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जात होता.

"दादा, काडी खोलीत अडकलाय," ती म्हणाली. "तो दार ठोठावत पण नाहीये आता. चावी दे."

"कसली खोली?" अध्यक्षबाई उभ्या राहिल्या.

"काही नाही मॅडम, पोरांच्या कल्पना," कोचसर म्हणाले. पण ते म्हणेपर्यंत दादाने त्यांचा हात खांद्यावरून झटकून टाकला होता आणि मंचावरून उडी मारली होती.

दार उघडलं तेव्हा काडी दाराशीच वेटोळं होऊन पडला होता. अंगात एकावर एक दोन रेनकोट होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती. ओठ फुटले होते. मावशी सभागृहातून धावत आली होती. तिने कात्रीने ते रेनकोट टराटरा कापले, ओल्या चादरी त्याच्या अंगावर टाकल्या आणि तोंडाने अखंड बडबडत राहिली. "माझ्या लाँड्रीत, माझ्या नाकाखाली. काय म्हणावं या कर्माला." पिल्लूने डॉक्टरांना खरोखरच भोकाड पसरून आणलं होतं आणि रडू काही थांबत नव्हतं. अध्यक्षबाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि पुठ्ठ्याने वारा घालत होत्या.

काही वेळाने काडीने डोळे उघडले. एवढे सगळे चेहरे पाहून तो घाबरला असावा. त्याने दादाला शोधलं आणि विचारलं, "उतरलं का वजन?"

कोचसर दारात उभे होते. ते मागच्या मागे वळले, पण मंडळाच्या एका सभासदाने त्यांना थांबवलं.

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत सगळं बाहेर आलं. पाहुणे जाईपर्यंत काडीला आत ठेवायचं, कुणी चुकून दार उघडू नये म्हणून कुलूप लावायचं, हा हुकूम कोचसरांचा. काडी स्वतःच हो म्हणाला होता, पण भाषण एवढं लांबेल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ते ऐकताना प्राचार्य चष्मा काढून पुसत राहिले. कोचसरांना तिथल्या तिथे कामावरून थांबवलं. संघाने स्पर्धेतून माघार घेतली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्ही चौकशीला आलो आणि सरबत पीत बसलो. चौकशी या मुलांनी केली. शाबास रे पोरांनो."

प्राचार्यांनीही शाबासकी दिली. पिल्लूने ती लगेच घेतली आणि शेजारच्या ताटलीतली बिस्किटंही घेतली. शंकासुर भिंगरीकडे बघत होता.

"मला शाबास म्हणू नका," भिंगरी म्हणाली. "मला कालपासून माहीत होतं."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग आज का सांगितलंस?"

"तो मरेल असं वाटलं."

"गप्प बसायला मी सांगितलं होतं तिला," दादा म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच मान वर करून बोलत होता.

संध्याकाळी दादा दवाखान्यात निघाला. भिंगरी न विचारता त्याच्यामागे गेली. वाटेत तिला विचारायचं होतं, तू माझ्यावर रागावलास का. पण आपण त्याच्यावर किती रागावलोय हेच तिला अजून नीट कळलं नव्हतं.

काडी झोपला होता. हाताला सलाईन होतं. धोका टळलाय, असं परिचारिका म्हणाली. उशाशी काडीची आई बसली होती. ती दुपारच्या गाडीने आली होती आणि तिची पिशवी अजून खांद्यालाच होती. दादाला बघताच ती लगबगीने उठली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"तूच ना कप्तान? मला सांगितलं सगळ्यांनी. तू धावत जाऊन कुलूप काढलंस म्हणून माझं लेकरू हाताला लागलं. घरी नेहमी तुझंच नाव असतं याच्या तोंडात. तुझ्या आईवडिलांनी चांगले संस्कार केलेत बाळा."

भिंगरीने दादाकडे पाहिलं. हो म्हणाला असता तर तिथे खोटं पाडणारं कुणी नव्हतं. काडी झोपेत होता. ती स्वतः बोलली नसती. आता तिच्यात तेवढं बळ उरलं नव्हतं.

दादाचे हात त्या बाईच्या हातात होते. ते त्याने सोडवून घेतले नाहीत.

"काकू," तो म्हणाला, "कुलूप मीच लावलं होतं."

ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचे हात सोडले आणि खुर्चीवर बसली. तिने त्यांना बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला आणि भिंगरी त्याच्या शेजारी उभी राहिली.