खणातली अंगठी

खरं तर तो माझ्या वाट्याला यायचाच नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या ताईंची दाढ ठणकायला लागली, त्या घरी गेल्या आणि त्यांचे लोक माझ्याकडे आले. त्यात हा... उंच क्रेन चालवणारा. दारातून जरा वाकूनच आत आला.

आमचं काम कान तपासायचं. माणसाला बंद काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावायचे. बाहेरून मी बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. आवाज कधी येणार याचा सुगावा माझ्याकडून लागता कामा नये, म्हणून त्यानं माझ्याकडे पाठ करून बसायचं.

"म्हणजे तपासणी कानांची आणि शिक्षा डोळ्यांना," तो म्हणाला. मी हसू दाबलं. बाई गं, नोकरी आहे ही!

त्याचा डावा कान अधू होत चालल्याचं कागदावरच होतं. नापास झाला तर क्रेन सुटणार होती. पण त्या कानानं त्यानं एकूण एक आवाज टिपला, मला जेमतेम ऐकू येतात तेसुद्धा. अंगावर काटा आला. तरी खोटं कशाला बोलू, आनंदच जास्त झाला. मी 'पास' लिहून टाकलं.

तो बाहेर आला, पण जाईना.

"एक विचारू? दर आवाजाच्या आधी तुम्ही टेबलावर अंगठी वाजवत होता... ते माझ्यासाठी?"

मी दोन्ही हात पुढे केले. बोटांत काहीच नव्हतं. आणि त्या काचेतून टेबलावरची टकटक आत जाणं शक्यच नव्हतं.

माझ्या आधी या खुर्चीत मोठ्या मॅडम बसायच्या. तेव्हा काच पातळ होती. आवाज सोडताना आपली अंगठी टेबलावर आपटते आणि लोक त्यावर बटण दाबतात, हे एकदा त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी अंगठी काढून खणात टाकली आणि दोन वर्षांतल्या सगळ्यांना पत्रं पाठवून परत बोलावलं. लोक हसले, पण बाई मागे हटल्या नाहीत. गेल्या वर्षी त्या वारल्या.

मी खण उघडला. अंगठी कोमट होती, आत्ताच कुणीतरी बोटातून काढल्यासारखी.

"गप्प राहिला असतात तर सुटला असतात," मी कसंबसं म्हणाले.

"खाली माणसं उभी असतात, मॅडम. कुणी 'थांब' म्हणून ओरडलं आणि मला ऐकूच आलं नाही, तर?"

झालं. तिथेच मी त्याच्या प्रेमात पडले, आणि आता माझ्या सहीवर माझाच भरवसा राहिला नाही. मी 'पास' खोडलं. खाली लिहिलं, 'मी तटस्थ नाही. फेरतपासणी दुसऱ्या केंद्रात व्हावी.' तटस्थ नाही म्हणजे काय, असं साहेबांनी विचारलं. आवडतो मला तो, असं सांगून टाकलं. साहेब चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या केंद्रात तो नापास झाला. त्याची क्रेन गेली. महिनाभर त्याचा पत्ता नव्हता, आणि मी रोज रडकुंडीला येऊन कामावर जात होते. मॅडम त्याला मदत करत होत्या की माझी परीक्षा घेत होत्या, देव जाणे.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो आला. नव्या क्रेनवाल्यांना हाताच्या खुणा शिकवायचं काम मिळालंय, म्हणाला. आता तो माझा पेशंट नव्हता. तपासणीच्या खोलीतल्या बाकावर माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्या बाजूला नेमका डावा कान. मी पुटपुटले, "तुमच्यावाचून करमत नाही हो..." त्याला काही ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणायचा धीर होईना.

तेवढ्यात मागे माझ्या रिकाम्या टेबलावर आवाज झाला. ठक्. एकदाच.

मी गारठले. तो मात्र सावकाश वळला आणि चांगला कान माझ्याकडे करून त्यानं डोळे मिटले.

"सोडा आवाज," तो म्हणाला.

मी त्याला डोळे उघडायला लावले, आणि मगच बोलले.