खटक्यावरचं बोट

"मशीनचं बटण मी बंद नाही केलं!"

"मग काय भुतानं केलं? घरात तू एकटाच होतास, रिकामटेकड्या. शाळा सोडून हेच शिकलास?"

मी हातातला ग्लास आपटला. भुताचं पप्पा रागात बोलले होते.

पण बरोबर बोलले होते...

हे आमच्या घरात घडलंय. अजून घडतंय. पटत नसेल तर वाचू नका, पण खाली 'रचलंय' असं लिहू नका. डोकं फिरतं माझं.

त्या दिवशी रविवार. रात्र नाही, भर दुपार. तिसरा मजला, दोन खोल्या, दाराला आतून कडी. आई-पप्पा बाहेर गेलेले. आतल्या खोलीत माझी धाकटी बहीण चिमणी झोपलेली, नाकाला नळी. तिची छाती जन्मापासून कमजोर. ती झोपली की ऑक्सिजनचं मशीन चालू पाहिजे म्हणजे पाहिजेच, असं डॉक्टरांनी बजावलंय.

मशीन घुरघुरत होतं. मी बाहेर मोबाईल बघत होतो.

टक...

मशीन कोकलायला लागलं. लाईट गेली की ते तसंच ओरडतं.

पण माझ्या डोक्यावरचा पंखा तर फिरत होता...

आत धावलो. भिंतीवरचं बटण बंद. चिमणीचे ओठ निळसर. खोलीत दुसरं कुणी नाही.

बटण चालू केलं, तिच्या ओठांवर रंग आला, तेव्हा कुठे मला कळलं. ते 'टक' माझ्या ओळखीचं होतं.

आत्याचं.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहायची. मागच्या वर्षी वारली. विजेच्या बाबतीत एक नंबरची चिक्कू. माणूस खोलीतून निघायच्या आत दिवा बंद! टीव्हीचा बारीक लाल ठिपकासुद्धा तिच्या डोळ्यात खुपायचा. अंधारात जेवायला बसवायची आणि वर म्हणायची, "घास काय नाकात जाणारेय?"

ती गेली. नंतर मशीन आलं. बिल फुगलं.

आणि पप्पांनी घोळ घातला. बिल घेऊन आत्याच्या फोटोसमोर उभे राहिले. म्हणाले, "ताई, तू होतीस तेव्हा बरं होतं. ये बाई, तूच घाल लक्ष."

गंमत केली हो त्यांनी.

त्याच संध्याकाळपासून रिकाम्या खोलीतले दिवे बंद सापडायला लागले. पप्पा खूश. "आलं वळण पोराला!" मी मान डोलावली. फुकटचं कौतुक कोण सोडतं?

मग तिनं मशीनला हात घातला.

भांडण झालं त्याच रात्री मी बटणावर चिकटपट्टी मारली. आडवी, उभी, घट्ट.

दुसऱ्या दुपारी मशीन परत कोकललं...

पट्टी फाडलेली नव्हती. अलगद सोडवून, घडी घालून टेबलावर ठेवली होती. परत वापरता यावी म्हणून.

चिमणी जागी होती. भिंतीकडे बघत होती.

"दादा, आत्याला सांग ना."

"काय सांगू?"

"ती म्हणते, श्वास घ्यायला वीज कशाला लागते? आम्ही नाही का जन्मभर फुकट घेतला?"

चिमणी एवढं कधीच एका दमात बोलत नाही...

वायरमनला बोलावलं. त्यानं बटणच काढून टाकलं, मशीन थेट जोडून दिलं. जाताना हसत म्हणाला, "आजी फार कडक बुवा तुमच्या. मी बॅटरी पेटवली की विझवत होत्या."

आमच्याकडे आजी नाही.

पप्पा पांढरेफटक पडले. फोटोसमोर हात जोडले. "ताई, चुकलं माझं. जा आता. पोर आहे गं ती."



मग दाराजवळून आवाज आला. टक.

मेन स्विचचा खटका पडला होता. सगळं घर अंधारात.

तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्यात. चिमणी झोपली की एकानं मेनचा खटका बोटानं वर दाबून उभं राहायचं. आई, पप्पा, मी. घर बदला म्हणू नका, शोधतोय. आज म्हटलं की आज मिळतं का घर?

खरी भीती खटका पडायची नाही. बोटाखाली तो हलतो, त्याची आहे. कुणीतरी खाली ओढतं. गार बोटांनी. रागानं नाही हो... मायेनं. लहान पोराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसं.

आणि रोज जोर थोडा वाढतोय.

आत्ता चिमणी झोपलीय. पप्पांची पाळी आहे, मी जिन्यात बसून लिहितोय. खरं तर त्यांना उभं राहून फार वेळ झालेला नाही, तरी हाका मारायला लागलेत. आवाज कसातरीच येतोय. दोन्ही हातांनी धरलाय वाटतं...

मला जायला हवं.