हीटरमागची कवळी

दातवालीने नव्या नोकरीसाठी आईला घेऊन उत्तरेकडच्या शहरात राहायला जायचं ठरवलं, ते घरात कुणालाच पटलं नाही. दातवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती लॅबमध्ये कवळ्या बनवायची, म्हणून थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, गमतीत हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. त्यात आणखी गंमत अशी, की लोकांना सरळ दात करून देणाऱ्या या बाईचा स्वतःचा डावा सुळा चांगला वाकडा होता, शेजारच्या दातावर चढून बसलेला. विचारात पडली की तिची जीभ आपसूक त्या सुळ्याकडे जायची. "आमच्या शेंडेफळाचा एक दात जन्माचा रुसलाय," असं आई चारचौघांत सांगायची.

आई सांगायची, ती जुनी गोष्ट झाली. आता तिला शेंडेफळच आठवत नव्हतं. विसरत विसरत ती अशा थराला आली होती, की ज्या घरात जन्म काढला तिथे तिला बाथरूम सापडेना. लेकीला ती "बाई, तुम्ही कधी आलात?" असं अगदी अदबीने विचारायची. एकदा, फक्त एकदा आईने आपल्याला लेक म्हणून हाक मारावी, एवढंच दातवालीचं मागणं उरलं होतं.

"जुन्या घरात तिची ही गत," दादा फोनवर म्हणाला, "नव्या घरात तर पार गोंधळून जाईल ती."

"मग तू ठेवून घेतोस का?"

यावर दादाला नेहमीप्रमाणे दुसरा फोन आला.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दुहेरी काचांच्या खिडक्या आणि प्रत्येक खिडकीखाली जाडजूड लोखंडी हीटर. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. खोके दारातच रचलेले होते आणि दुपार उलटते न उलटते तोच अंधारून आलं. हिवाळ्यात तिकडे तसंच होतं. दातवाली दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपडू लागली. तेवढ्यात आई पुढे झाली, तिने दाराच्या मागे हात घातला आणि दिवा लावला.

"इथेच तर असतं," आई म्हणाली.

दातवालीचा जीव भांड्यात पडला. तेव्हाच घाबरायला हवं होतं, असं आता कुणीही म्हणेल. पण जी आई चमचा हातात घेऊन हे काय आहे म्हणून विचारते, तिने एखादी गोष्ट बरोबर सांगितली, तर माणूस आधी खूशच होतं.

मग अशा गोष्टी वाढत गेल्या. स्वयंपाकघरातला एक खण अडकायचा. आईने पलीकडून सांगितलं, "आधी उचल, मग ओढ." तसं केलं आणि तो सुटला. बाथरूमची वाट ती एकदाही चुकली नाही. दातवालीने मोठ्या कौतुकाने दादाला कळवलं. "हवा मानवली म्हणायची," दादा म्हणाला आणि त्याने विषय संपवला.

एका सुट्टीच्या सकाळी आई खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ते मागे पडलंय बघ. काढून दे मला."

हीटरच्या मागे हात जेमतेम शिरत होता. दातवालीने लांब चिमटा आणला. धुळीचा एक गोळा बाहेर आला, आणि त्यात वरच्या दातांची एक कवळी. बनावट जुनी होती, पण हात कसबी माणसाचा. तिने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली, मनातल्या मनात त्या कारागिराला दाद दिली, घासून धुतली आणि ओट्यावर एका वाटीत पाण्यात ठेवली. फेकून द्यायला तिचा हात धजेना. दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा वाटी रिकामी होती आणि आई हसत होती.

"आई, तोंड उघड."

आईने मुकाट्याने उघडलं. कवळी टाळूला घट्ट बसली होती. काठाशी बोट घालून हवा शिरू दिली तेव्हा कुठे ती टक् करून सुटली. आता ही बाई आयुष्यभर हेच काम करत आली होती. एकाची कवळी दुसऱ्याला बसत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने स्वतः बनवलेली कवळी आईला कधीच धड बसली नव्हती. आईच्या टाळूच्या मध्यावर हाडाची एक गाठ होती, तिथे ती नेहमी टोचायची. चारदा घासली तरी आईची कुरकुर थांबली नव्हती.

"ही नाही टोचत?"

"माझी मला कशाला टोचेल?" आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला. दातवालीने कवळी परत दिली.

दात बदलले की चेहरा थोडा बदलतोच. ओठ भरतात, हनुवटी पुढे येते. हे तिला ठाऊक होतं आणि काही दिवस तिने त्यावर समाधान मानलं. आई आता नीट जेवत होती, खिडकीतल्या कुंड्यांमधल्या झाडांची पानं पुसत होती, गुणगुणत होती. ती चाल दातवालीने कधी ऐकली नव्हती.

एकदा ताट वाढताना आईने आणखी एक ताट घेतलं. "धाकटी यायची आहे अजून," ती म्हणाली.

"धाकटी कोण, आई?"

आई हसली. ते हसणंही तिच्या ओळखीचं नव्हतं.

खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहायची. ती जिन्यात भेटली. "आई बऱ्या दिसतात आता," ती म्हणाली. "मधे फारच खंगल्या होत्या."

"मधे म्हणजे? आम्ही तर आत्ताच आलोय राहायला."

शिंपीण तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "थोरली असून तूही धाकटीसारखी थट्टा करायला लागलीस?" आणि पिशवी सावरत ती खाली निघून गेली.

त्या संध्याकाळी दातवालीने आईच्या टाळूचा ठसा घेतला. आईने जराही कुरकुर केली नाही. सकाळी लॅबमध्ये तिने त्यात प्लास्टर ओतलं, वाळू दिलं, आणि येताना सोबत आणलेला आईचा जुना साचा कपाटातून काढून शेजारी ठेवला. जुन्यात ती हाडाची गाठ होती. नव्यात टाळू सपाट होता. टाळूवरच्या वळ्याही निराळ्या होत्या. तिने नवा साचा खिडकीशी नेला, फुंकर मारली, बोट फिरवलं. सपाट.

लॅबचा मालक मागून डोकावला. "कुणाची करायची आहे यातली?"

"एकाच बाईचे आहेत दोन्ही."

"छे. दोन वेगळ्या बाया आहेत या," तो म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

तिने जुना साचा रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. आईच्या तोंडाची तेवढीच खूण आता तिच्यापाशी उरली होती. घरी जाऊन ती कवळी काढून घ्यायची, खिडकीतून रस्त्यावर भिरकावायची, आईला आपल्या हातची कवळी घालायची. टोचली तर टोचू दे. मनाशी असं पक्कं करून ती जिना चढली.

दार उघडंच होतं. दिवे लागलेले होते. आई तिच्याकडे वळली आणि तिचा चेहरा फुलला.

"आलीस, थोरले?"

दातवाली दारातच थबकली.

आई जवळ आली. तिने लेकीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "किती गार पडलेत गं. किती वाट बघायला लावतेस आईला."

किती दिवसांत तिला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. मी थोरली नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर हे हात सुटले असते, आणि पुन्हा ते "बाई, तुम्ही कधी आलात" सुरू झालं असतं. आणि ते म्हटलं नसतं, तर जिने तिला शेंडेफळ म्हटलं होतं, ती आई कायमची गेली असती. तिला दोन्ही स्वच्छ कळत होतं.

"आले, आई," ती म्हणाली.

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "पिशवीत काय आहे?"

"काही नाही. कामातलं आहे."

"ठेव मग बाजूला. धाकटीही येईल एवढ्यात."

तिने पिशवी खाली ठेवली. आता पुढे काय, असा विचार मनात आला, तशी जीभ सवयीने डाव्या सुळ्याकडे गेली. तिथे तिला काही लागलं नाही. तिने पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत जीभ फिरवली. दात सगळे एका ओळीत होते.