सोबत नावाचं ॲप

आईशप्पथ खरं सांगतेय. मध्येच हसायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. भरदुपारचे दोन. आमची मागची खोली, जिथे मी आणि चिमणी झोपतो. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण.

तिला बाबांनी कोरा करकरीत फोन घेतला. मला? बाबांचाच जुना. काच तडकलेला.

जळफळाट झाला माझा. का होणार नाही?

त्यात तिच्या फोनमध्ये एक ॲप आधीपासूनच होतं. नाव 'सोबत'. ते जोक सांगायचं आणि ही खिदळायची. सारखी!

आधी माझ्या फालतू जोकवर हसायची ना ती. आता मी तोंड उघडलं की, "थांब गं ताई, ऐकू दे."

तुमच्या फोनमधला नको तो कचरा मीच काढून देते ना? म्हटलं, याचाही निकाल लावू.

ती आंघोळीला गेली. आतून पाण्याचा आवाज… आणि तिचं हसणं. कुठलातरी जोक आठवला असणार.

मी तिचा फोन उचलला.

गेम, शॉपिंग, बातम्या… एकेक काढताना नाकीनऊ आले. दोन-तीन तर निघेचनात.

'सोबत' मात्र… एका बोटात गेलं.

आणि आतलं हसणं थांबलं.

मध्येच. तोडल्यासारखं.

पाणी चालूच होतं…

"चिमणे?"

"काय?" एकदम सपाट आवाज.

तेवढ्यात माझ्या मागे कुणीतरी खुदकन हसलं…

चिमणीच.

माझ्या उशीवरून. माझ्या तडकलेल्या फोनमधून.

स्क्रीनवर 'सोबत'.

तेव्हापासून चिमणी हसलेली नाही. गुदगुल्या करून पाहिल्या, नुसती बघत बसते. आई म्हणते, अभ्यासाचं टेन्शन असेल.

मी फोन दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "अहो मॅडम, एवढंच? दाबून धरा, निघेल." त्याचं बोट टेकणार, तोच मी फोन हिसकावला.

काढलं आणि तिचं हसणं कायमचं गेलं तर?

…नाही, खोटं कशाला बोलू. खरं कारण वेगळंय. मी जोक सांगते, आणि ते हसणं फक्त माझ्यासाठी येतं. आधीसारखं.

चिमणी दारात उभी राहून ऐकते. "ताई, माझंय ते. दे ना परत."

मी देत नाही.

आणि आज सकाळी… फोनमधून दोघींचं हसणं आलं.

दुसरा आवाज मी लगेच ओळखला.

मघापासून तुम्ही एवढे जोक मारताय… मी एकदा तरी हसले का?