छत्रीची वाटणी

जव्हारच्या बाजाराबाहेर, जांभळीखाली, एक मोडकी छत्री पडली होती. वाऱ्याने उलटी केलेली, मालकाने वैतागून टाकून दिलेली. प्रेमला ती उचलायला वाकली, तोच दुसऱ्या बाजूने आणखी एक हात मुठीवर पडला.

"अहो, मी आधी पाहिली," तो तरुण म्हणाला.

"पाहिली असेल... धरली मी आधी!"

तो हसला, पण मूठ काही सोडीना. भुरभुर पाऊस चालला होता. त्याच्या भुवईवर एक थेंब अडकला होता. तो पुसावा असं प्रेमलाला वाटलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

शेजारी करटुली विकत बसलेली भाजीवाली फागी दोघांना हसली. "भांडता कशाला? अर्धी अर्धी घ्या ना!"

आणि खरोखरच वाटणी झाली! काड्या हिच्या; मूठ, दांडा आणि कापड त्याचं.

"मूठ आईच्या काठीला बसवीन. कापडाची पिशवी," तो म्हणाला. "आणि तुम्ही काड्यांचं काय करणार?"

"कंदिलाच्या काचेभोवती जाळी!" ती ऐटीत म्हणाली, आणि नाव न विचारताच घरी आली.

प्रेमलाच्या घरी टाकाऊ असं काही नव्हतंच. मोडक्या कड्या, बिजागऱ्या, कंदिलाच्या जुन्या चकत्या, सगळं तिच्या पत्र्याच्या डब्यात जाई आणि वेळेला कशाला तरी लागे. आईमागे आबांचा संसार तिने असाच सांधत चालवला होता. पण विशी गाठली तरी लग्न जुळेना. 'घरात एक वस्तू धड नाही,' म्हणत पाहुणे नाक मुरडून जात.

म्हणून मोखाड्याचं स्थळ यायचं ठरलं, तेव्हा आबांनी शेजारून कंदील, कपबशा, सतरंजी, सगळं उसनं आणलं. "तो डबा आज बाहेर काढशील तर माझी शपथ आहे," ते म्हणाले. प्रेमलाने मान हलवली.

चहा घेऊन ती बाहेर आली. नजर अर्थातच जमिनीवर. तिथे मुलाच्या आईची काठी टेकलेली होती... आणि काठीला ती मूठ! प्रेमलाने चोरून वर पाहिलं. तोच. दामोदर. त्याचे डोळे हसत होते, पण ओठ मिटलेले. बाजारातली ओळख चारचौघांत सांगून त्याला तिला बोल लागू द्यायचा नव्हता.

"सगळं नवंच दिसतंय," त्याची आई म्हणाली.

"तर! आमच्याकडे मोडलं की फेकलं," आबांनी फुशारकी मारली.

दामोदरच्या आईने कप खाली ठेवला. "मग अवघड आहे हो. आमच्याकडे जुनं जोडजोडून चालवतात. हिचं कसं निभायचं? चल, दामोदर."

दामोदर उठला, पण त्याचा पाय निघेना. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. हा माणूस आता दारातून गेला तर पुन्हा दिसणार नाही, हे प्रेमलाला लख्ख कळलं. एकीकडे आबांची शपथ, आणि दुसरीकडे...

ती आत गेली आणि डबा आणून तिने सतरंजीवर उपडा केला. "काकू, हे सगळं उसनं आहे. आमचं हे."

आबांनी उसन्या कपातला चहा एका घोटात संपवला.

काकू खाली बसल्या. एक बिजागरी उचलून त्यांनी उलटसुलट पाहिली. मग काठी पुढे केली. "ही मूठ हलते. माझ्या लेकाला काही धड बसवता आली नाही. बघ तुला जमतं का."

प्रेमलाने पत्र्याची पट्टी वळवून खाचेत सरकवली, वर एक बारीक खिळा ठोकला. मूठ घट्ट बसली. काकूंनी काठी टेकून पाहिली आणि आबांना म्हणाल्या, "मुहूर्त कधीचा बघायचा?"

निघताना दामोदर अंगणात रेंगाळला. "काचेला जाळी झाली का?"

"नाही..." तिने दाराआडून दोऱ्याने बांधलेली जुडी काढून दाखवली. काड्या जशाच्या तशा होत्या. "एरवी मी काही पडून राहू देत नाही. या मात्र... मोडवेनात."

तो हळूच म्हणाला, "मलाही पिशवी शिववली नाही. दांडा अन् कापड तसंच ठेवलंय."

"म्हणजे छत्री पुन्हा जोडता येईल?"

"मूठ काही आई परत द्यायची नाही."

"नसू दे," प्रेमला म्हणाली, "दांड्यालाच धरू... दोघं."