भिंतीवरचे बाबा

हे माझ्याच खोलीत घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या, पण हसू नका.

मागच्या नोव्हेंबरातला शनिवार. संध्याकाळचे आठ. कोरियातल्या पुछन शहरातली माझी भाड्याची खोली, तिसरा मजला.

त्या दिवशी बाबांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं.

बाबा दवाखान्यातच वारले. शेवटचे तीन दिवस डॉक्टरांनी खाणं बंद केलं होतं. बाबा आईचा हात धरून एकच मागत होते, गरम भात आणि मुळ्याचं सूप. आईने दिलं नाही. ते उपाशीच गेले.

वर्षभर आई या एका दिवसासाठी जगली. आज तरी त्यांना पोटभर वाढायचं होतं.

आणि मी? मला नवा प्रोजेक्टर मिरवायचा होता.

घरमालकाने खिळा ठोकायला बंदी घातलेली, म्हणून तो फ्रिजवर ठेवला होता. खाली पुठ्ठ्याच्या घड्या घालून चित्र सरळ केलं होतं. समोरची पांढरी भिंत म्हणजे पडदा. पहिल्याच दिवशी चित्रात खालच्या बाजूला एक करडा डाग दिसला. भिंत पुसली. डाग तसाच. प्रोजेक्टर खिडकीपाशी नेऊन पाहिला...

डाग त्याच जागी.

दिवा लावला की भिंत कोरी. म्हटलं, स्वस्तातला माल आहे, चालायचंच.

तर श्राद्धाला मी फ्रेमऐवजी बाबांचा फोटो प्रोजेक्टरने भिंतभर लावला.

युनमीताई दारातच थबकली. "दोग्यू, अरे बापाचं श्राद्ध आहे की सिनेमा? तिकीट काढायचं का आम्ही?"

"तुझ्याकडे करायचं होतंस मग! दोन बेडरूमचं घर आहे ना?"

"भांडू नका रे," आई म्हणाली. ती भिंतीकडेच बघत होती. "किती मोठे दिसतायत... हसतायत."

भिंतीपुढे बुटकं टेबल मांडलं. भात, मुळ्याचं सूप, भाजलेला मासा, नाशपाती, तांदळाची दारू.

"दार उघड आता. त्यांना आत यायचंय," आई म्हणाली.

मी दार उघडलं. बाहेरच्या जिन्यातला दिवा माणूस हलला की आपोआप लागतो. त्याचा उजेड थेट भिंतीवर आला आणि बाबांचा चेहरा धुऊन निघाला.

मी दार लावून टाकलं.

"अरे!"

"आई, काही दिसत नाहीये. ते काय दारानेच येतात का?"

 ते माझं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

आम्ही वाकून नमस्कार केले. दारू ओतली. आईने भातात चमचा उभा रोवला. मग रीतीप्रमाणे, गेलेल्या माणसाला निवांत जेवता यावं म्हणून, आम्ही तिघं बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

जिन्यात उभे राहिलो. कोणी हललं नाही. दिवा विझला.

आतून आवाज आला...

चमचा वाटीवर घासल्याचा.

ताईने माझा दंड धरला. आई अंधारात रडत होती, पण आनंदाने. "जेवतायत रे. सूप आवडलं वाटतं."

तेवढ्यात जिन्यातला दिवा लागला.

आम्ही तिघंही हललो नव्हतो. जिन्यावर कोणी नव्हतं.

मी घाईघाईने, आत जाण्याआधीच्या रीतीप्रमाणे, तीनदा खोकलो, दाराच्या डिजिटल कुलपाचे आकडे दाबले आणि दोघींना आत ढकललं. मागे दार आपोआप लागलं.

भिंतीवर बाबा हसत होते. आणि त्यांच्या छातीवर, तो डाग होता तिथेच...

एक सावली बसली होती. टेबलाशी वाकून. आमच्याकडे पाठ.

टेबलाशी कोणीच नव्हतं. नुसती सावली.

आई गुडघ्यांवर बसली. "सावकाश जेवा हो. अजून आहे. सगळं तुमच्यासाठीच केलंय."

सावलीने मान वळवली.

बाबांना टक्कल होतं. सावलीचे केस खांद्यापर्यंत होते.

"आई," ताई पुटपुटली, "हे... हे बाबा नाहीत."

आणि त्याच क्षणी मागे दाराचं कुलूप वाजलं. बाहेरून कोणीतरी आकडे दाबत होतं.

तीन आकडे भरभर. मग थांबणं... मग तीन, सावकाश.

माझ्या कुलपाला चारच आकडे आहेत. सहा होते आमच्या जुन्या घराला. हात थरथरायचा म्हणून बाबा तिसऱ्यानंतर थांबायचे. या खोलीत ते कधी आलेच नव्हते.

चूक. कुलूप टीं टीं करून ओरडलं.

पुन्हा तीन... थांबणं... तीन.

"ते बाहेर आहेत," आई म्हणाली. "दोग्यू, बाबा बाहेर उभे आहेत! उघड!"

खरं सांगतो, मला लाज वाटते. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. आई माझ्या छातीवर बुक्क्या मारत होती. "उपाशी आहे रे तो माणूस! दार सोड!"

मी सोडलं नाही.

तिसऱ्यांदा फक्त दोनच आकडे वाजले. मग काहीच नाही.

जिन्यातला दिवा विझला. दाराच्या फटीतून ते कळलं.

भिंतीकडे पाहिलं तर सावली गेली होती. वाटी पुसून घेतल्यासारखी रिकामी होती. सूपसुद्धा थेंबभर उरलं नव्हतं.

आम्ही कोणाला जेवू घातलं, मला माहीत नाही. घरमालकाला विचारलं, तर तो म्हणाला, भिंतीला काही झालंय का? झालं असेल तर भरून द्यावं लागेल.

खोली मी सोडली. पण आईचं काय करू?

तिने आपल्या घराचं कुलूप काढून टाकलंय. रोज संध्याकाळी भात आणि सूप मांडते आणि दार सताड उघडं ठेवून बसते. अजून कोणी आलेलं नाही. आलं तर कोण येईल, याचीच मला जास्त भीती वाटते.

परवा गेलो तर बाहेर बर्फ पडत होता. आई कुडकुडत होती, हात निळे पडले होते.

मी म्हटलं, "आई, दार लाव ना."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू लाव," म्हणाली. "तुला चांगलं जमतं."