टेपेतला सतरावा इंच

हात जरा वर घ्या, ताई. पोटाशी सैलच ठेवते, सातवा म्हणजे अजून वाढायचंय. टेपेकडे बघताय ना? सगळ्याच बघतात. सोळानंतर एकदम अठरा. टेप माझ्या आईची, तीही शिवायची. तिच्याकडे गेलं की कंबर इंचभर वाढते, असं बायका चिडवायच्या, मग ती हसून एक वजा करायची. बटणं असोत की पायऱ्या, मोजायचीही तशीच. सतरा तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

कारण मोठेपणी कळलं. माझ्याआधी तिला मुलगा व्हायचा होता. इस्त्री करताना कळा आल्या. खोट्या असतील, एवढं उरकते, म्हणाली. मग अशी कळ आली की इस्त्री हातातून सुटून टेपेवर पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. जळलेला इंच तिने कापला, टेप जोडली, आणि बाळाला निरोप देताना तो तुकडा त्याच्या मुठीत ठेवला. द्यायला दुसरं काही नव्हतं हो तिच्याकडे.

मला नववा लागला तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. नवरा बसवर ड्रायव्हर, संध्याकाळी यायचा. त्या महिन्यात दोनदा मी दवाखान्यात धावत गेले आणि दोनदा हात हलवत परत आले. सिस्टर म्हणाल्या, अगं, ही तालीम आहे, नाटक अजून लांब आहे. पाणी पी, फिर, डाव्या कुशीवर पड. थांबली तर खोटी. किती टिकते ते मोज. आता परत गेले तर हसं होईल, म्हणून मी ठरवलंच होतं, जायचं नाही.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. शेवटची बाही लावत होते, तेवढ्यात पोट दगडासारखं झालं. पाणी प्यायले, फिरले. थांबली. म्हटलं, झाली तालीम. पुन्हा आली तशी आडवी होऊन मोजू लागले. पंधरा, सोळा, सतरा...

आतल्या खोलीत, कापड कापायच्या टेबलाजवळ, कुणीतरी माझ्याबरोबर मोजत होतं. हळू, दमलेल्या आवाजात.

"...सोळा... अठरा..."

मी गप्प झाले. आतलं मोजणं थांबलं नाही. जळक्या सुताचा वास आला. इस्त्रीची पिन मी सकाळीच काढून ठेवली होती. अंगावर काटा आला, पण खरं सांगू? रडूही आलं. दोन वर्षांनी तो आवाज ऐकत होते.

कळ ओसरली. मी म्हटलं, "आई, खोटीच आहे गं... थांबली बघ."

मग अगदी कानाशी,

"मीही असंच म्हटलं होतं... ऊठ, बाळा."

कोट तसाच टाकून निघाले. शेजारच्या वहिनींनी गाडीतून नेलं. सिस्टर आधी हसल्या, "आलीस का परत?" मग त्यांनी पोटावर यंत्र लावलं आणि त्यांचं हसू गेलं. बाळाचे ठोके मंदावत होते. लगेच आत घेतलं. डॉक्टर नंतर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं.

कमरेखाली बधिर केलेलं, पण मी जागी होते. उशाशी कुणीतरी मोजत होतं. चौदा... पंधरा... सोळा...

आणि थांबलं.

"सतरा."

पोरगी रडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर तिला पुसत होत्या. म्हणाल्या, काय गं ही, जन्मल्यापासून डावी मूठ उघडलेलीच नाही. एकेक बोट हळूच सोडवलं. आत कापडी टेपेचा एवढासा तुकडा होता, कडेला जळलेला. मी हातात घेतला, ताई. गरम होता.